महिन्यातून दोनच दिवस समुद्र

पंचांगमामांचा समुद्र महिन्यातून दोनच दिवस उघडा असे, एक पौर्णिमेला आणि एक अमावास्येला. मधल्या दिवसांतही तो जागच्या जागीच असायचा, लाटाही यायच्या, कोळ्यांची पोरं त्यात मनसोक्त डुंबायची. पण आमच्यापुरता तो बंद. पिंपळाला शनिवारी शिवायचं, समुद्राला पर्वाच्या दिवशी, एरवी दोघांनाही लांबून नमस्कार करायचा, असा त्यांचा नियम होता आणि तो त्यांच्या आजोबांच्याही आधीपासून चालत आला होता. नियमाला माझी हरकत नव्हती. कुंभकोणमला वाढलेल्या पोरीला नियमांचं काय एवढं! माझी तक्रार इतकीच की, याच मामांनी आम्हाला सर्फिंग शिकवायला काढलं होतं.

मामा म्हणजे माझ्या आईचे मावसभाऊ. आमच्याच गल्लीत राहायचे. त्यांची एक पांढरी व्हॅन होती आणि तिच्यातून ते यात्रेकरूंना नवग्रहांची नऊ देवळं एका दिवसात दाखवून आणायचे. आरशाच्या शेजारी रोज एक पान फाडायची तमिळ दिनदर्शिका टांगलेली असे. मामा आधी तिच्याकडे बघत आणि मग रस्त्याकडे. राहुकाळात, म्हणजे रोजच्या त्या अशुभ दीड तासात, ते गाडी सुरू करत नसत. बरं, राहुकाळात गाडी बंद करणंही त्यांना बरं वाटत नसे, त्यामुळे कधी वेळेचा हिशेब चुकला की देवळासमोर इंजिन चालू ठेवून स्वस्थ बसून राहत. आत बसलेले यात्रेकरू घामाने निथळत. आम्ही पोरं त्यांना तोंडावर मामा म्हणायचो आणि पाठीमागे पंचांगमामा. त्यांना ते माहीत होतं आणि बहुधा आवडतही होतं.

नवग्रहांतलं केतूचं देऊळ समुद्राच्या जवळ आहे. यात्रेकरू दर्शनाला गेले की मामा किनाऱ्यावर जाऊन लांबून नमस्कार करून यायचे. एकदा तिथल्या कोळीवस्तीतली पोरं त्यांना लाटांवर फळ्या घालून त्यांच्यावर उभी राहिलेली दिसली. झालं! संध्याकाळी आमच्या घरी येऊन त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात मुरलेल्या आमच्या घरगुती मराठीत जाहीरच केलं, "अगे, ती पोरें पाण्यावर उभीं राहतात. आमचीं अस्कीं पोरें फोन घेऊन भुईवर पडून राहतात. हें बेष नाही. मी घेऊन जातों." अस्कीं म्हणजे सगळी. आई घाबरली. त्सुनामीनंतर आमच्या घरात समुद्राचं नाव कोणी सहसा काढत नसे. पण मामांनी एकदा म्हटलं की म्हटलं.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते आणि त्याच सुट्टीत बाबांची पुण्याला बदली झाली होती. जूनमध्ये आम्ही कुंभकोणम सोडणार होतो. कुंभकोणम सोडण्याचं दुःख वगैरे मला फार नव्हतं, पण तो बेत ऐकल्यापासून डोक्यात एकच गोष्ट शिरली: जायच्या आधी एकदा, एकदाच, लाटेवर उभं राहायचं. पुण्याला समुद्र नाही हे मला भूगोलाच्या पुस्तकातून पक्कं कळलं होतं.

शिकवणारा होता त्याच कोळीवस्तीतला सेल्वम. मासेमारीच्या बंदीचे दिवस होते, होड्या वाळूवर ओढलेल्या, त्यामुळे तो मोकळा होता. आमचं त्याच्याशी बोलणं अर्थात तमिळमध्ये. मराठी आमची उंबऱ्याच्या आतली. त्याने आम्हा पाच पोरांना आपादमस्तक न्याहाळलं आणि मामांना आदराने म्हणाला, "सामी, लागोपाठ दहा दिवस आणा. सगळी उभी राहतील." मामा म्हणाले, "आज पौर्णिमा. आता अमावास्येला आणतो, तंबी." तंबी म्हणजे धाकटा भाऊ. सेल्वमला वाटलं, सामी थट्टा करताहेत. मग त्याला उमगलं की नाही, थट्टा नाही. त्याने परोपरीने सांगून पाहिलं की नेमकं या दोन दिवशीच पाण्याला ओढ जास्त असते, नव्या पोरांसाठी हे दिवस वाईट. मामा शांतपणे म्हणाले, "ओढ असते म्हणूनच पर्व असतं."

पहिल्या दिवशी पाण्यात शिरायला अर्धी सकाळ गेली. मामांनी आम्हाला ओळीने उभं केलं, प्रत्येकाच्या ओंजळीत अक्षता दिल्या आणि संकल्प सांगायला लावला. देश, काळ, गोत्र, नक्षत्र, सगळं. माझा धाकटा भाऊ माधव स्वतःचं नक्षत्र विसरला, तर ते आठवेपर्यंत सगळे ताटकळत. फळ्या वाळूवर तापत होत्या. सेल्वम कमरेवर हात ठेवून समुद्राकडे बघत होता. "सामी, चांगल्या लाटा जाताहेत," तो मधेच म्हणाला. मामांनी नुसता हात वर केला. शेवटी आम्ही पाण्यात गेलो, खारट पाणी प्यायलो, पोट सोलवटून बाहेर आलो. त्यात भर म्हणजे समुद्राचं पाणी अंगावर घेऊन व्हॅनमध्ये बसायचं नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्याच सीटवर बसून माणसं देवळांना जाणार. म्हणून मामांनी घरून गोड्या पाण्याची दोन पिंपं आणली होती. त्या भर उन्हात आमच्या डोक्यावर तांब्यातांब्याने पाणी ओतताना ते इतके खूश होते की जणू आम्ही सगळे शिकून तयार झालो होतो.

अमावास्येची गंमत निराळी. त्या दिवशी मामांना पितरांचं तर्पण असे. ते झाल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही. पडायचं म्हटलं की राहुकाळ आडवा यायचा. आम्ही पोरं पहाटेपासून चड्ड्या-बनियन घालून ओट्यावर बसलेली, आणि मामा आत तीळ आणि दर्भ घेऊन पणजोबांना पाणी देताहेत. किनाऱ्यावर पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असे आणि वारा फिरलेला असे. वारा फिरला की लाटा मोडतात, नुसता फेस उरतो. सेल्वम त्या फेसात आम्हाला ढकलायचा आणि आम्ही फळीवर पालथे पडून किनाऱ्याला लागायचो. उभं राहायचं नावच नको. दोन आठवड्यांपूर्वी शिकलेलं सगळं तोवर विसरून गेलेलं असायचं, मग पुन्हा पहिल्यापासून. मी रडकुंडीला यायचे.

मामांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांनी त्यावर उपायही काढला, आणि तो उपाय म्हणजे दुखण्यापेक्षा औषध भारी. त्यांच्या घरात मधल्या खोलीत साखळ्यांचा मोठा झोपाळा होता. "ही लाट," मामा म्हणाले. आम्ही एकेकाने त्या फळीवर पालथं पडायचं, मामांनी झोका द्यायचा, आणि "ऊठ!" म्हटलं की हात टेकून ताडकन उभं राहायचं. लाल सिमेंटची ती जमीन किती कडक होती हे अजून माझ्या कोपराला ठाऊक आहे. माधवचा दात हलला. आईने येऊन मामांना सगळ्यांसमोर झापलं. पण दुसऱ्या दिवशी झोपाळ्याखाली गाद्या पसरलेल्या होत्या आणि मामा हजर! "पडलीस तर पडलीस, अगे. समुद्र काय खाली गादी घालणार अहे?" असं म्हणून गाद्या घालणारा तो माणूस. त्यांच्यावर धड रागावताही यायचं नाही, हीच तर पंचाईत होती.

सुट्टीतली शेवटची पौर्णिमा आली. त्या दिवशी मामांनी यात्रेकरूंचं भाडं नाकारलं, राहुकाळाच्या आधी निघाले, संकल्पही आटोपता घेतला. आणि समुद्र? समुद्र नुसता खवळलेला. डोक्याएवढ्या लाटा काठावरच आपटत होत्या. सेल्वमने फळ्या बाहेर काढायलाच नकार दिला. आम्ही तासभर वाळूत बसून दहीभात खाल्ला आणि परतलो. वाटेत मी मामांना म्हणाले, "तुम्ही आम्हाला शिकवायला आणतच नाही. तुम्ही आम्हाला आंघोळ घालायला आणता." मामा दिनदर्शिकेकडे बघत म्हणाले, "पुढें अमावास अहे." "पुढे मी नाहीये," मी म्हणाले.

आमच्या निघण्याच्या आदल्या दिवशी घरात बांधाबांध चालली होती. उजाडायच्या आधी दारात व्हॅन उभी राहिली. आई बाहेर जाऊन म्हणाली, "अण्णा, आज? आज कोणतें पर्व?"

"कांही नाही. मंगळवार, नवमी," मामा म्हणाले. "पोरीला पाठव."

बाकी कोणाला घेतलं नाही. वाटेत मी भीतभीत विचारलं, "मामा, चालतं का?" तर म्हणाले, "नाही चालत. बोलूं नोको." त्यांचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, परत फिरू या म्हणावं. पण मी तसं म्हटलं नाही. मला उभं राहायचं होतं.

त्या सकाळी समुद्र इतका शहाणा होता की सेल्वमही हसला. कमरेइतक्या सरळ लाटा, एकामागून एक, वारा नाही. संकल्प नाही, अक्षता नाहीत. मामा सेल्वमला म्हणाले, "तंबी, तू बघ हिच्याकडे. मी जपाला बसतो. नाहीतर हे सगळं तिच्या माथी लागेल." आणि ते पंचा अंथरून वाळूत बसले, तोंड गावाकडे आणि पाठ समुद्राकडे. नवमीला शिवलेल्या समुद्राकडे तोंड करून जप कसा करायचा, हा त्यांचा प्रश्न असावा.

मी पडले. पुन्हा पडले. नाकातोंडात पाणी गेलं. सेल्वम फळी धरून सांगत होता, पायाकडे बघू नकोस, समोर बघ. मग एक लाट आली, त्याने फळी ढकलली आणि ओरडला, "एंदिरी!" म्हणजे ऊठ. मी उठले. कशी ते आजही सांगता येणार नाही. हात टेकले आणि पुढच्या क्षणी पायांखाली फळी होती, फळीखाली पाणी सरसरत होतं आणि मी उभी होते. समोर बघ म्हणाला होता म्हणून मी समोर बघितलं. समोर मामांची पाठ होती. उघडी, काळी, तिच्यावर आडवं जानवं. ती पाठ जवळजवळ येत होती.

"मामा!" मी ओरडले. "मामा, बघा! मामा!"

मामांनी पाठमोरं बसूनच एक बोट वर केलं. थांब.

लाट काही थांबली नाही. फळी वाळूत रुतली आणि मी तोंडावर आपटले. मी उठून तोंडातली वाळू थुंकत होते तेव्हा मामांचा जप पूर्ण झाला. ते वळून म्हणाले, "काय झालें?"

मला इतका संताप आला की रडूच फुटलं. सेल्वमने त्यांना सांगितलं. मामा ताडकन उठले. "परत कर," म्हणाले. "अत्तां मी पाहतों." आणि खरोखरच ते काठाशी येऊन उभे राहिले, धोतर गुडघ्यापर्यंत वर धरून, लाट आली की मागे सरत, गेली की पुढे येत, डोळे माझ्यावर. त्यानंतर मी एकदाही उभी राहिले नाही. अर्धी उठायचे की पडायचे. मग वारा फिरला. सेल्वमने फळी खांद्यावर घेतली. मामांनी मुकाट्याने पिंपातलं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं आणि एवढंच म्हणाले, "उभी राहिलीस न्हवे? सरि." सरि म्हणजे ठीक. दुसऱ्या दिवशी आम्ही पुण्याला गेलो.

त्यानंतर मामांनी काय करावं? त्यांनी मला उभं राहताना पाहिल्याचं व्हॅनमधल्या प्रत्येक यात्रेकरूला सांगायला सुरुवात केली. आईला फोनवर कुंभकोणमच्या बातम्या कळायच्या, त्यात ही असायचीच. दरवर्षी लाट वाढत गेली. कमरेइतकी होती ती नारळाच्या झाडाएवढी झाली. मी म्हणे दोन्ही हात पसरून, हसत हसत, थेट त्यांच्या पायांपाशी आले. पुढे डावा पाय होता म्हणायचे. उजवा होता. कॉलेजात असताना एकदा मी फोनवर तडकले, "मामा, तुम्ही पाहिलंच नाहीत. तुमची पाठ होती." पलीकडून जराही न ओशाळता उत्तर आलं, "तूं सांगट्लीस, तो तंबी सांगट्ला. मग मी पाहिल्यासारखेंच की." जो माणूस चहात साखर किती घातली याबद्दलसुद्धा कधी खोटं बोलला नाही, तो हे खोटं वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगत राहिला. त्याचं वाईट वाटावं की हसावं, मला ठरवता येईना.

गेल्या वर्षी मामा गेले. मी कुंभकोणमला गेले तेव्हा भेटायला आलेली माणसं माझ्याकडे बोट दाखवून एकमेकांना सांगत होती, "हीच ती, लाटेवर उभी राहिलेली. मामांनी डोळ्यांनी पाहिलं." मी मान हलवत होते. दुसरं काय करणार? मी आता सुट्टीत कोकणात फळी घेऊन जाते, बऱ्यापैकी उभीही राहते, कोणत्याही तिथीला. बघणारे बघतात, फोटो काढतात. मला त्याचं काही वाटत नाही. माझं मन अजून त्या एका सकाळी अडकून आहे आणि त्या वर केलेल्या बोटाचा राग काही केल्या जात नाही. माझ्यासाठी त्यांनी जन्मभराचा नियम मोडला हे मला कळतं. माझ्या माथी काही लागू नये म्हणून ते बसले होते हेही कळतं. सगळं कळतं. पण जप पुन्हा पहिल्यापासून करता आला असता, मामा. मी हाका मारत होते.