डिटेक्टरला दिसलेले आमचे हे

आमचे हे दूरच्या ताऱ्यांकडून येणारे गॅमा किरण टिपणारा डिटेक्टर बनवतात. नऊ वर्षं एकच डिटेक्टर! मी तापाने फणफणले तरी ह्यांच्या लक्षात येत नाही, पण त्याचा स्फटिक जरा कोमट झाला की ह्यांची झोप उडते.

त्या दिवशी दुपारी समिती येणार होती. डिटेक्टर पास झाला तर उपग्रहात बसणार, नाहीतर कायमचा कपाटात. आणि ह्यांना तर जिना चढताना धाप लागत होती. मी आधी बाबापुता केलं, मग आवाज चढवला आणि सकाळीच हृदयाच्या तपासणीला ओढून नेलं. सुई दिसताच ह्यांनी डोळे गच्च मिटले. काय टोचताहेत, हे विचारायचंही भान नव्हतं.

"हृदय ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. "वजन उतरवा. आज मात्र घरीच थांबा."

घरी आल्यावर "दूध आणतो" म्हणून गेले ते गेलेच. मी तणतणत प्रयोगशाळा गाठली. तिथे सगळे जमिनीवर पालथे पडून वायरी उपसत होते.

"सगळं बदलून पाहिलं, तरी आकडे उसळताहेत!" ह्यांच्या हाताखालची इंजिनिअर मुलगी रडकुंडीला आली होती.

"ते मरू दे. आधी ह्यांना घरी पाठव," मी कडाडले. "सकाळी अंगात किरणोत्सारी औषध टोचलंय आणि हे इथे मिरवताहेत!"

सगळे ह्यांच्याकडे बघू लागले.

"सर, जरा बाहेर जाता?"

हे बाहेर गेले, आकडे उतरले. आत डोकावले, पुन्हा उसळले. गॅमा किरणांत हयात घालवलेल्या माणसाला स्वतःच्या अंगातले कळू नयेत!

तेवढ्यात समिती आली आणि ह्यांची हकालपट्टी सुरू झाली. व्हरांड्यात उभे राहिले, तर फोन आला, "अजून दिसताय, सर." जिन्याखाली गेले, तरी दिसत होते. फाटकापाशीही तेच. शेवटी रस्त्यापलीकडच्या बाकावर जाऊन बसले.

"नऊ वर्षं जपलं गं त्याला," मी शेजारी टेकताच हे म्हणाले. "आणि आज मीच नको झालो." माझा राग कुठल्या कुठे पळाला.

बऱ्याच वेळाने ती मुलगी धावत आली. "सर, पास! समिती म्हणते, फाटकाबाहेरचे सर ज्याला दिसतात, त्याला तारे का नाही दिसणार!"

हे हात पसरून तिच्याकडे धावले. ती चार पावलं मागे सरकली. "अभिनंदन, सर! हात उद्या मिळवू. मला परत त्याच्याजवळ जायचंय."

हे तसेच हात पसरून उभे राहिले. मग भर रस्त्यात मीच त्यांना मिठी मारली. मला कुठे डिटेक्टर सांभाळायचा होता?