हळद काकांची, मेल माझा

राहनाळमधल्या गोदामांची वेबसाइट मी सांभाळतो. मालकांना आम्ही सगळे काका म्हणतो. भातखाचरांवर गोदामं उभी राहिली तसा त्यांचा गोतावळा वाढला, म्हणून मुलीच्या हळदीला भाडेकरूंपासून निजामपुऱ्यात कापडाचे लूम चालवणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना बोलवायचं होतं. इकडे हळदीचं बोलावणं चुकलं, तर माणूस जन्मभर विसरत नाही. म्हणून काका पत्रिका घेऊन दारोदार निघालेच होते. मी ऐटीत आडवा आलो.

“काका, एक बटण दाबलं की सगळ्यांना मेल.”

“जमंल ना रं?”

मी फक्त हसलो. असं हसणाऱ्यांचं पुढे काय होतं, ते मी पुस्तकांत अनेकदा वाचलं होतं.

मेल पाठवायला मी लिहिलेला छोटा प्रोग्राम, म्हणजे माझी स्क्रिप्ट, लॉगिन न करताच मेल धाडत होती. नाव-गाव न सांगता पत्रिका टाकून पळणाऱ्याला कोण विचारतं? सगळी आमंत्रणं स्पॅममध्ये, लॉटरीच्या पंगतीला. मग दोन दिवस अभ्यास करून मी स्क्रिप्टला मेल सर्व्हरवर रीतसर लॉगिन करायला शिकवलं. हाताशी होतं ते लॉगिन दिलं, म्हणजे माझं. पाठवणारा म्हणून काकांचं नाव लिहिलं होतं. सर्व्हरने ते काढून ज्याचा पासवर्ड त्याचं नाव घातलं. विषय माझ्याच लेखणीतला: ‘आमच्या घरी हळद, नक्की या.’ सोबतची पत्रिका कोणीही उघडली नाही.

सकाळीच फोन. “मुबारक हो! बेटी इतनी बडी हो गई?”

मला मुलगी नाही. पुढचा फोन बायकोने घेतला, ‘मंडप कुठे घातलाय?’ हा प्रश्न ऐकून घेतला आणि मला विचारलं, “मला बोलावणं आहे का?”

काका हादरले. “पोरगी माझी न हलद तुझ्या घरी? लोक जातील कुठं आता?”

मग रिक्षा केली. निजामपुऱ्यात प्रत्येक दारात काका हातात पत्रिका देत आणि मला पुढे ढकलत. लूमच्या खडखडाटात मी ओरडायचो, “हळदी इनके यहाँ है, मेरे यहाँ नहीं!”

एक चाचा सहानुभूतीने म्हणाले, “अच्छा, तो आपकी वाली कब है?”

हळदीला सगळे आले. मंडपाच्या तोंडाशी काकांनी मला खांद्याला धरून उभं केलं.

“बोलावलंस तू. आता या-बसा पन तूच कर.”