मंदासाठी शांत खोली बघायला: गिरगाव ते शिवाजी पार्क

गिरगाव ते शिवाजी पार्क हा काय प्रवास झाला, असं आमच्या चाळीत कुणीही म्हणेल. पण दोन मुलांना घेऊन ट्रामच्या वरच्या मजल्यावरून जाऊन बघा. काशीला जाऊन येईपर्यंत होणार नाहीत इतक्या गप्पा होतात.

निमित्त असं की आमची मंदा यंदा मॅट्रिकला आहे. आमची खोली एकच. एका भिंतीपलीकडे बाजाची पेटी, दुसरीपलीकडे भांडण. माझी थोरली बहीण, अक्का, शिवाजी पार्कला एकटी राहते. "परीक्षेपर्यंत पोरीला माझ्याकडे ठेव, शाळेत इथून ये-जा करेल," असं तिने सुचवलं होतं. मी बरेच दिवस "बघू" म्हणत राहिलो. शेवटी आमची ही म्हणाली, "तुम्ही तिच्या अभ्यासाचं बघताय, की तुमच्या गप्पांचं?"

नेम बरोबर लागला. जेवणानंतर गॅलरीत मंदाशी बोलणं हे माझ्या दिवसातलं मोठं सुख आहे. ते सोडवत नाही म्हणून मी तिला अडवतोय का? म्हणून ठरवलं, रविवारी खोली बघायला जायचं, निर्णय मंदाने घ्यायचा, आणि मी मध्ये बोलायचं नाही.

जाणाऱ्यांनी सकाळी निघावं, भायखळ्याला ट्राम बदलावी आणि वरची पुढची बाकं धरावीत. लालबागला मसाल्याचा ठसका लागतो, रुमाल हाताशी असू द्या.

"बाबा, इथल्या लोकांना ठसका का लागत नाही?" मंदाने शिंकत विचारलं.

"सवय होत असेल."

"म्हणजे वास येतच नाही, की येतो पण लक्ष जात नाही?"

मला माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं. त्यावर आम्ही परळपर्यंत वाद घातला.

नऊ वर्षांचा विजू भिंतींवरच्या घोषणा मोठ्याने वाचत होता. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र" एवढं त्याने म्हटलं आणि मागच्या बाकांवरून गिरणीतली माणसं गरजली, "झालाच पाहिजे!" विजूच्या अंगात एकदम पुढारी संचारला.

"मला खिडकी मिळालीच पाहिजे!"

"आधी तू गप्प बसलंच पाहिजे," मंदा म्हणाली.

दादरला उतरून, स्टेशनचा पूल ओलांडून आम्ही साबुदाणा वडे आणि पियूष घेतलं. वडे गरम मागून घ्यावेत.

अक्काची खोली छान होती. खिडकीशी टेबल, समोर मैदान. शांतता इतकी की घड्याळ ऐकू येत होतं.

"आत्या, इथे पाठ झालेलं म्हणून कुणाला दाखवायचं?" मंदाने विचारलं. चाळीत गॅलरीतून जाईल त्याला ती पकडते.

"भिंतीला दाखव," अक्का म्हणाली.

मंदाचा चेहरा उतरला. मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू?

तेवढ्यात विजू दिसेना. आमच्या चाळीत दारं झोपतानाच लागतात आणि तहानलेलं पोर दिसेल त्या घरात शिरतं. इथेही समोरच्या घराचं दार उघडं दिसलं आणि तो शिरला. त्या घरच्या बाईच त्याला घेऊन आल्या.

"हा तुमचा का हो? सरळ आत आला, पाटावर बसला, म्हणाला, 'काकू, पाणी.' मग वास आला तसं थालीपीठही मागितलं."

"अगं बाई!" अक्काने कपाळाला हात लावला. "इतकी वर्षं शेजारी राहून मी कधी त्यांच्याकडे विरजण मागितलं नाही!"

त्यांच्यामागे भूमितीचं पुस्तक धरून त्यांची मुलगी नलू उभी होती.

"ताई, ही पण मॅट्रिकला आहे," विजू म्हणाला. "आणि हिचं प्रमेय चुकतंय."

"चुकत नाहीये, आठवत होते!"

"कुठलं गं?" मंदाने विचारलं.

दोघी आतल्या खोलीत गेल्या. थोड्याच वेळात तिथून असा वाद ऐकू येऊ लागला की घड्याळाचा आवाज बुडाला. मी ओळखलं.

"बाबा, मी राहते," मंदा बाहेर येऊन म्हणाली. तिचे कपडे तिच्या आईने निघतानाच गुपचूप पिशवीत घातलेले होते.

"बरं."

"एवढंच?"

"तूच ठरवायचं होतं ना?"

"हो, पण थोडं तरी नको म्हणायचं, बाबा!"

मग मी थोडं नको म्हटलं. ती हसली. जिन्यात तिने विजूला बाजूला घेऊन काहीतरी बजावलं.

परतीच्या ट्राममध्ये विजूने विचारलं, "बाबा, कावळ्याला रात्री दिसतं का?" मी तोंड उघडतो तोच, "समुद्र खारट कुणी केला?" आणि लगेच, "टक्कल का पडतं?"

"अरे, आज काय झालंय तुला?"

"ताईने सांगितलंय. तुम्हाला रोज प्रश्न विचारायचे, नाहीतर तुम्हाला करमणार नाही."

"आणि उत्तरं?"

"ती ऐकायची असं नाही सांगितलं."

रात्री गॅलरीत सतरंजी टाकली. मंदाची जागा मोकळी होती आणि ती विजूने भरेल असं मला वाटत नव्हतं. तो मात्र इमानाने येऊन बसला. जरा वेळाने म्हणाला, "बाबा, माझे संपले. आता तुम्ही विचारा."

मंदाला काय विचारावं हे मला कधी शोधावं लागलं नव्हतं. मी बराच विचार केला.

"विजू, त्या समोरच्या घरात काय काय होतं रे?"

तो मांडी ठोकून बसला. "सांगतो. पण मध्ये बोलायचं नाही."