हुकावरचा रंग

नौदलात त्यांना सगळे ‘खरवड्या’ म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. ताजा रंग दिसला की नखाने खरवडून खालचा गंज बघायचा, ही कॅप्टनसाहेबांची जुनी खोड. आणि खोड लागायला कारणही तसंच होतं. तपासणी आली की जहाजावर दिसेल त्याला रंग फासायचा, हा तिथला शिरस्ता. लाइफबोट ज्या दोन हुकांवर टांगलेली असते, तेही त्यातून वाचत नाहीत. रंग सुकला की हुक चिकटतो. असाच एक हुक ऐन वादळात सुटला नाही आणि दोन खलाशी बुडाले. चौकशीत बाकीच्यांनी लाटांवर खापर फोडलं. यांनी मात्र लिहून दिलं, हुकावर रंगाचे चार थर होते. रंग फासायला लावणारा वरिष्ठ पुढे ॲडमिरल झाला, आणि हे आठ वर्षं त्याच हुद्द्यावर कुजून निवृत्त झाले. घ्या, खरेपणाचं बक्षीस!

मग एका खासगी सागरी अकादमीने त्यांना प्रमुख नेमलं. मालक सिमेंटचा व्यापारी, त्याला समुद्र फोटोपुरता हवा होता. आवारात हौदावर एक लाइफबोट टांगलेली. साहेबांनी पहिल्याच आठवड्यात तिचा हुक खरवडला. रंग निघाला, गंज निघाला, हुक काही हलला नाही. मुलं त्या बोटीत नुसती बसायची आणि बोट पाण्यात सोडता येते असा दाखला घेऊन समुद्रावर जायची. साहेबांनी नवे हुक चार वेळा लेखी मागितले. मालक दर वेळी ‘बघू’ म्हणाला, आणि मान्यतेची तपासणी ठरताच त्याने हुकांना नवा रंग मारून घेतला.

“हुक जाम आहेत, हे मी तपासनिसाला सांगणार,” साहेब म्हणाले.

“खुशाल सांगा. मान्यता जाईल, तुमच्यासकट सगळे घरी बसतील. पुढच्या महिन्यात बदलतो म्हटलं ना?”

संध्याकाळी त्यांनी हे बायकोच्या कानावर घातलं. ती भाजी चिरत होती.

“अहो, त्या आठ वर्षांत मी ब्र काढला नाही,” ती म्हणाली, “म्हणून मला काही वाटलं नाही, असं समजू नका.”

साहेबांना तिचा राग आला. त्याहून जास्त स्वतःचा, कारण तिचं म्हणणं त्यांना पटलं होतं.

तपासनीस निघाला त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. भलता कडक माणूस. एकेक लाइफजॅकेट उलगडून पाहिलं, दोरखंड ओढून पाहिले, मालकाला घाम फोडला. मग बोटीखाली येऊन उभा राहिला.

“सर, हुक सुटतात?”

“सुटतात,” साहेब म्हणाले.

शिपाई शिडी घेऊन आला, तसं तपासनिसाने त्याला हाताने थांबवलं.

“राहू दे. सर, तुम्ही तो अहवाल लिहिलात तेव्हा मी नवा होतो. दुसरं कुणी म्हणालं असतं तर वर चढलो असतो. तुमच्या शब्दापुढे काय बघायचं?”

तपासनिसाने सही केली, टाचा जुळवून त्यांना सॅल्यूट ठोकला. साहेबांनी तो घेतला.