वासंतीचा कान

शशिकांत पेडणेकर आमच्याच मजल्यावर राहतात. लालबागच्या दोन खोल्या विकून मीरा रोडला आलेल्या पहिल्या काही कुटुंबांपैकी त्यांचं एक. एकतीस वर्षं त्यांनी मुंबईत जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून काढली. जहाजाच्या पोटात उतरायचं, इंजिनाच्या धडधडाटात एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचं आणि बिघाड कुठे आहे ते हाताने चाचपून शोधायचं, असं ते काम. तिथली पोरं त्यांना उस्ताद म्हणायची. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी कुणी तो शब्द उच्चारला की त्यांची पाठ ताठ व्हायची.

त्यांच्या पत्नी वासंतीवहिनी एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होत्या. पलीकडचा माणूस बोलायच्या आधी नुसता श्वास घेई, तेवढ्यावरून कोण ते त्या ओळखत. आमच्या सोसायटीच्या पंपाचा सूर जरा बदलला, तरी तिसऱ्या मजल्यावरून वॉचमनला हाक मारून सांगत, "खालची टाकी संपत आलीय, पंप बंद कर." वॉचमन जाऊन बघायचा आणि ते खरं असायचं. लोक कौतुक करत. शशिकांतराव मात्र म्हणत, "योगायोग."

ही हकिकत त्यांनीच मला गच्चीवर फेऱ्या मारताना सांगितली. स्वतःची बाजू सावरून घेत सांगितली नाही, म्हणून मी ती लिहितोय.

भाईंदर पश्चिमेला राहणाऱ्या ममताबेननी खाडीत सहली काढण्यासाठी एक मोठी बोट घेतली होती. वाढदिवस, साखरपुडे, ऑफिसच्या पार्ट्या, सगळं त्या बोटीवर व्हायचं. बोट चालवायला मुर्धा गावचा पंढरीनाथ होता. बोटीवर दोन टॉयलेट होती, एक पुढे आणि एक मागे. दोन्ही विजेवर चालणारी. बटण दाबलं की खालची मोटर फिरते, सगळं दळून बारीक करते आणि पाइपातून टाकीत ढकलते. मात्र हे दळण चालू झालं की अख्ख्या बोटीला कळायचं. केबिनमध्ये बसलेली माणसं बोलता बोलता थांबायची. आतून बाहेर येणारी बाई मान खाली घालून यायची. काही जणी तर चार तास जायच्याच नाहीत.

"काका, यह तो पूरी बोट को मालूम पडता है," ममताबेन म्हणाल्या. "लेडीज लोक कंप्लेंट करतात. काहीतरी करा ना."

निवृत्तीनंतर शशिकांतरावांना कुणीतरी कामाला बोलावलं होतं, तेही बोटीवर. ते उत्साहाने गेले. पुढच्या टॉयलेटच्या मोटरभोवती त्यांनी फोम लावलेली लाकडी पेटी बसवली. आवाज थोडा दबला, पण पेटीत मोटर इतकी तापायला लागली की ती काढावी लागली. मग त्यांनी नवी मोटर मागवायला लावली. तीही तशीच गुरगुरली.

तिसऱ्या खेपेला वासंतीवहिनी सोबत गेल्या, त्याही सहज, खाडीवरचा वारा खायला. शशिकांतराव फरशीवर उकिडवे बसून मोटरचे नट आवळत होते. वहिनी केबिनमध्ये बाकावर बसल्या होत्या. पंढरीनाथने बटण दाबलं. वहिनी उठल्या, लाकडी भिंतीवर त्यांनी तळहात ठेवला, मग थोडा पुढे, मग खाली.

"अहो, मोटर नाही वाजत," त्या म्हणाल्या. "ही भिंत वाजतेय."

"भिंत कशी वाजेल?"

"पाइप इथून आरपार जातो ना, तो भोकात घासतोय. आणि खाली मोटर ज्या फळीवर बसवलीय ती पोकळ आहे. ताशासारखी. तुम्ही हात तर लावून बघा."

त्यांनी हात लावला. भिंत थरथरत होती. एकतीस वर्षं हाताने बिघाड शोधणाऱ्या माणसाने भिंतीला हात लावायचंच राहून गेलं होतं.

दोन दिवसांत त्यांनी सगळं केलं. मोटरखाली जाड रबराचे तुकडे घातले. भिंतीतलं भोक मोठं करून त्यात रबरी वेढा बसवला. पाइपाचा मोटरजवळचा हातभर कडक भाग कापून तिथे लवचिक नळी जोडली. ममताबेन बघायला आल्या. बटण दाबलं. भांड्यात पाणी फिरल्याचा आवाज आला आणि खालून पंख्यासारखी हलकी घुरघुर.

"अरे वाह!" ममताबेननी वहिनींचा हात हातात घेतला. "वासंतीबेन, तुमने तो कमाल कर दी. यह काका पंधरा दिवस पेटी बनवत होते!"

पंढरीनाथ हसला. वहिनीही हसल्या. शशिकांतराव हत्यारं पुसत होते. नळी त्यांनी कापली होती, गुडघे त्यांचे सोलले होते, आणि 'वाह' मात्र वहिनींना मिळाली.

शेअर रिक्षात वहिनी आपल्या आनंदात होत्या. "बघा, मी पण आता उस्ताद झाले," त्या गमतीने म्हणाल्या. त्यांना काय ठाऊक, की तो शब्द नेमका कुठे लागला. घरी आल्यावर शशिकांतरावांनी चहात साखर कमी असल्याचं निमित्त करून कप तसाच ठेवला.

पुढचे काही दिवस त्यांना बायकोचं सगळंच खटकायला लागलं. शेजारच्या संपदाने मिक्सर घरघरतोय म्हणून वहिनींना बोलावलं, तर हे खिडकीतून म्हणाले, "जा, आता मिक्सरची डॉक्टर झालीस." बहिणीला फोनवर वहिनी बोटीची गोष्ट रंगवून सांगायला लागल्या, तर यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. बिल्डिंगमधलं कुणी लिफ्टमध्ये भेटून म्हणालं, "वहिनींनी म्हणे बोट दुरुस्त केली?" त्या दिवसापासून पेडणेकर जिन्याने यायला लागले.

असं सगळं चालू असतानाच ममताबेनचा फोन आला. वहिनी बाजारात गेल्या होत्या, म्हणून शशिकांतरावांनी तो उचलला.

"काका, मागचं टॉयलेट पण करायचं आहे. पुढच्या रविवारी एक डोहाळजेवण आहे बोटीवर. वासंतीबेनला घेऊन या हं. उनका कान चाहिये."

"तिला बरं नाहीये," शशिकांतराव म्हणाले. "ताप आहे. मी एकटा येतो."

बोलून झाल्यावर त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोच्या नावावर खोटं कधी सांगितलं नव्हतं. पण फोन परत लावून दुरुस्तीही केली नाही. बँकेत काम आहे असं वहिनींना सांगून ते दोन दिवस एकटेच बोटीवर गेले.

मागच्या टॉयलेटला त्यांनी पुढच्यासारखंच सगळं केलं. रबर, नळी, भोकाला वेढा. बटण दाबलं. धडधड गेली होती. त्यांच्या कानाला तर आवाज जवळजवळ नव्हताच, पुढच्यापेक्षाही कमी. पंढरीनाथ तेव्हा डिझेल आणायला गेला होता. ममताबेनना त्यांनी फोनवर कळवलं, "झालं. फर्स्ट क्लास." ममताबेन खूश झाल्या आणि म्हणाल्या, "मग रविवारी तुम्ही पण या जेवायला."

डोहाळजेवण रसिका नावाच्या मुलीचं होतं. सातवा महिना, हिरवी साडी, फुलांचे दागिने. माहेरच्या आणि सासरच्या मिळून तीसेक बायका होत्या. पुढचं टॉयलेट पाहुण्यांच्या लहान मुलांनी अडवून ठेवलं होतं, म्हणून रसिका मागच्याला जायची. तिला वरचेवर जावं लागत होतं.

शशिकांतराव एका कोपऱ्यात बसून सगळं पाहत होते. रसिका आत गेली. थोड्या वेळाने बायका एकमेकींकडे बघून हसल्या. एक मावशी म्हणाली, "सुटली गं गाडी!" सगळ्याजणी खो खो हसल्या. शशिकांतरावांना वाटलं, बायकांचं आपसातलं काहीतरी चाललंय. रसिका बाहेर आली ती लाल होऊन. अर्ध्या तासाने तेच. तिसऱ्या वेळी दोन-तीन जणींनी तोंडाने शिट्टी वाजवली. त्यानंतर रसिका उठलीच नाही. नारळपाणी पुढे केलं तर नको म्हणाली. पाय आवळून बसली होती, आणि कपाळावर घाम. शेवटी तिने आईला जवळ बोलावून काहीतरी सांगितलं, आणि आई ममताबेनला म्हणाली, "बोट किनाऱ्याला घ्या. पोरगी अवघडलीय."

शशिकांतराव पंढरीनाथकडे गेले. "काय झालं रे?"

पंढरीनाथ सुकाणू धरून त्यांच्याकडे बघत राहिला. "काका, तुमाला ऐकाला येत न्हाय काय? बटन दाबला का शिट्टी वाजते हाय. कुकरवानी. पार त्या काठापर्यंत."

"आत्ता?"

"आत्ता कशाला, मगाधरनं. पयली ती धडधड होती ना, तिच्यात दबली असल. तुमी धडधड काढली, आता शिट्टी मोकली झाली."

शशिकांतराव मागच्या टॉयलेटमध्ये गेले, दार लावलं आणि बटण दाबलं. पाणी फिरलं. मोटर हलकेच घुरघुरली. ते श्वास रोखून उभे राहिले. पुन्हा दाबलं. शिट्टी त्यांना ऐकू आली नाही. बाहेरून मात्र बायकांच्या हसण्याचा आवाज आला, तो स्पष्ट आला.

ते बाहेर आले तेव्हा ममताबेन फोनवर होत्या. "वासंतीबेन, ताप उतरला का तुमचा? ... काका बोलले ना, तुम्हाला ताप आहे म्हणून ... नहीं? ..." मग त्यांनी फोन कानापासून दूर धरून शशिकांतरावांकडे पाहिलं. ते खाडीकडे बघू लागले.

घरी पोचले तेव्हा वहिनी भाजी निवडत बसल्या होत्या. मान वर केली नाही.

"ताप किती होता मला?"

शशिकांतराव चपला काढून तिथेच उभे राहिले.

"सांगा ना. किती डिग्री?"

"वासंती, चुकलं माझं."

"चुकलं? मला बोलावलं होतं त्यांनी. माझं नाव घेऊन बोलावलं होतं. अडतीस वर्षं लोकांचे फोन जोडले मी, तेव्हा माझं नावसुद्धा कुणी विचारलं नव्हतं. एकदा कुणीतरी माझ्यासाठी फोन केला, तर तुम्ही मला आजारी पाडलंत."

ते खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "मला बघवत नव्हतं. लोक तुला वाह म्हणतात ते बघवत नव्हतं. तो माझा धंदा आहे गं. मला दुसरं काय येतं?" आणि मग खालच्या आवाजात, "मला ती शिट्टी ऐकू आली नाही. सगळ्यांना आली. मला नाही."

वहिनींनी भाजीची जुडी खाली ठेवली. "मला माहितीये."

"काय माहितीये?"

"चार वर्षं झाली. तुम्हाला बारीक आवाज येत नाहीत. दाराची बेल येत नाही, कुकर येत नाही, नात फोनवर बोलते ते येत नाही. मी तुमच्याशी मोठ्याने बोलते. तुम्हाला वाटतं मी चिडकी झालेय."

"मग बोलली का नाहीस?"

"दोनदा बोलले. दोन्ही वेळा जेवण सोडून उठलात."

त्या रात्री त्यांचं बोलणं तेवढ्यावरच थांबलं. दुसऱ्या दिवशीही वहिनी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पर्स घेऊन दारात उभ्या राहिल्या. "मी बोटीवर चाललेय. यायचं तर या. हत्यारं तुमची आहेत."

बोटीवर वहिनींनी पंढरीनाथला बटण दाबायला लावलं आणि टॉयलेटच्या दारात डोळे मिटून उभ्या राहिल्या. मग वर बोट दाखवलं, आरशाच्या मागे. शशिकांतरावांनी आरसा उतरवला. टाकीकडे जाणारा पाइप तिथे कमानीसारखा वर चढून खाली उतरत होता. मैलापाणी उलटं भांड्यात येऊ नये म्हणून तशी कमान ठेवतात, आणि तिच्या माथ्यावर हवा आत घेणारी छोटी झडप असते. त्या झडपेतलं रबर खारट हवेने कडक होऊन चिरलं होतं. मोटर फिरली की चिरेतून हवा खेचली जायची आणि शिट्टी वाजायची.

"बोट ठेवा त्याच्यावर," वहिनी म्हणाल्या. त्यांनी ठेवलं. "थांबली. काढा. वाजली. ठेवा. थांबली."

शशिकांतराव कधी बोट ठेवत, कधी काढत. त्यांना दोन्हीत काही फरक कळत नव्हता. ते बायकोच्या चेहऱ्याकडे बघून समजून घेत होते. त्या क्षणी तिचा हेवा जितका वाटला तितका आयुष्यात कुणाचाच वाटला नव्हता, असं ते म्हणाले. तो आता कौतुकाचा, नावाचा हेवा राहिला नव्हता. दोन वितींवर उभ्या असलेल्या बाईला जे मिळत होतं, ते त्यांच्यासाठी जगात उरलंच नव्हतं.

झडप बदलली. ममताबेननी रसिकाच्या आईला फोन करून माफी मागितली, आणि शशिकांतरावांनी फोन घेऊन स्वतःही मागितली. पुढच्याच आठवड्यात वहिनी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. आता त्यांच्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत. पहिले काही दिवस स्टीलच्या वाट्यांचा आवाजही त्यांना सहन होत नव्हता. बारीक आवाज येतात, पण सगळे नाहीत. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलंय.

त्यानंतर उत्तनच्या एका बोटवाल्याने त्यांना बोलावलं, मग वसईच्या एकाने. दोघं मिळून जातात. गेल्या महिन्यात वसईला तो मालक समोर आला आणि शशिकांतरावांना ओलांडून सरळ वहिनींपाशी गेला. "तुम्हीच का त्या, कानवाल्या मॅडम?"

"मग?" मी विचारलं. "काय वाटलं?"

शशिकांतराव गच्चीच्या कठड्याला टेकले. "झोंबलं. खोटं कशाला बोलू? मिनिटभर चांगलंच झोंबलं. मग मी त्याला विचारलं, मेन स्विच कुठे आहे, आणि खाली उतरलो."