जपानी माल

समोरच्या गॅलरीत मुग्धा कपडे वाळत घालता घालता जपानी शब्द पुटपुटत होती. पुढच्या महिन्यात ती तिकडे नर्स म्हणून जाणार आहे. ऐकता ऐकता मला माझे वडील आठवले. लहानपणी माझी पत्र्याची मोटार दोन दिवसांत मोडली, तेव्हा ते हसून म्हणाले होते, "जपानी माल, दुसरं काय!" पुढे त्यांनीच हौसेनं जपानी रेडिओ घेतला आणि येईल त्याला कौतुकानं दाखवला. देश होता तिथेच होता. आमच्या मनातलं त्याचं रूप मात्र ढगासारखं बदलत गेलं.

मुग्धाची आई तिच्याजवळ येऊन उभी राहिली. "काका, आपल्याबद्दल काय वाटत असेल हो तिथल्या लोकांना?"



मुग्धानं तोंडातला चिमटा काढला. "माझ्याकडे बघून ठरवतील, आई."