वाडी चार

सुगंधी गेल्याचं मला कारखान्याच्या गेटवर कळलं. तिची जाऊ सांगायला आली होती. "ताप डोक्यात गेला बाय, दोन दिवसांत संपली." मी तिचा हात धरला खरा, पण मनात पहिलं आलं ते असं... सुटले, आता सही करावी लागणार नाही. दीड महिना झाला, त्याची लाज अजून जात नाही.

खालापूरकडच्या त्या मसाल्याच्या कारखान्यात मी हजेरी लिहिते. सुगंधी डोंगराकडच्या ठाकरवाडीतली. वाडीच्या बायकांना पॅकिंगला बसवत नसत. गटार काढणं, गोणी ओढणं एवढंच त्यांचं काम. मी नवी असताना तिचं नाव वहीत लिहिलं, तर साहेब म्हणाले, "यांची नावं कशाला? वाडी लिहा, पुढे नंबर." मी निमूट नाव खोडून 'वाडी ४' लिहिलं. तरी ती रोज टेबलाशी वाकून सांगायचीच, "सुगंधी हाय गं."

तिनं कामगार कार्यालयात तक्रार केली. तिथले अधिकारी म्हणाले, आता वरून परवानगी आल्याशिवाय तपासणीला जाता येत नाही. भेदभाव नाही असं कारखान्यानं स्वतः लिहून दिलंय, तेवढं पुरे. मग कर्जतच्या एका वकीलबाईंना गाठून वाडीच्या पाच जणींनी हायकोर्टात अर्ज केला, तोही थेट सरकारविरुद्ध, तपासणीच करत नाही म्हणून. मी तिला वेड्यात काढलं. ती हसली, "शेतात शिरल्या डुकराला काय बोलायचं? राखणदारच झोपलाय, त्याला उठवाया नको?"

कारखान्यानं कोर्टात सांगितलं, या नावाची बाई इथे कधी नव्हतीच. "तू सही करून एवढंच सांग, चार म्हंजे मी," ती मला म्हणाली. मी म्हटलं, "बघू गं." माझा नवरा तिथल्याच बसवर ड्रायव्हर, घरातले दोन्ही पगार एकाच गेटातून येतात. त्यात साहेबांनी एकदा हसत हसत विचारलं होतं, "वहिनी, मुलगी नेरळला कॉलेजात जाते ना? एकटीच?" त्या दिवसापासून मुलगी घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत माझं कामात लक्ष लागत नाही. बघू, बघू करत मी चार महिने घालवले... आणि सुगंधी गेली.

वकीलबाई म्हणाल्या, खटला चौघींच्या नावानं चालेल, पण तुमच्या साक्षीशिवाय त्या नुसते आकडेच. नवरा म्हणाला, "कर म्हणत नाय, नको पण म्हणत नाय." गेल्या सोमवारी मी शपथपत्रावर सही केली. आत एक ओळ मी मुद्दाम घालून घेतली: तिचं नाव मीच खोडलं.

त्यानंतर साहेब रोज हजेरीच्या वेळी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहतात. सकाळी वाडीच्या बायका हजेरीला ओळीनं उभ्या राहतात, तिसरीच्या मागे चौथीची जागा मोकळी ठेवून. साहेब ओरडतात, "सरका पुढे!" कोणी सरकत नाही. मी पेन घट्ट धरते आणि पाचवीला तिचं नाव विचारते.